व्हॅलग्रिंड : पॅकहाउसमधल्या एका मेमरी लीकच्या शोधात

गेल्या द्राक्ष हंगामात पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमधून आमच्या नाशिकच्या कार्यालयात एकच तक्रार तीनदा आली. पेट्यांवरची लेबले छापणारा आमचा प्रोग्रॅम चार-पाच दिवस सलग चालला की संगणक रखडतो आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की सगळे सुरळीत होते. "साहेब, सोमवारी पळतो, पण शुक्रवारी एकेका लेबलाला मिनिट लागतं, आणि इकडे कंटेनर दारात उभा असतो," असे तिथल्या व्यवस्थापकांनी फोनवर सांगितले. ही लक्षणे मेमरी लीकची, म्हणजे मागून घेतलेली मेमरी परत न केल्याची आहेत, हे लगेच ओळखू आले. ती नेमकी कुठे गळते हे सापडायला मात्र नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत ज्या साधनावर आमची सारी भिस्त होती, त्या व्हॅलग्रिंडचे हे परीक्षण आहे.

प्रोग्रॅमच्या मेमरीतल्या चुका शोधणारे व्हॅलग्रिंड लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते, विनामूल्य आहे आणि त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे. ज्युलियन सीवर्ड यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाची पहिली मुख्य आवृत्ती २००२ साली आली. त्यातले मेमचेक हे साधन प्रोग्रॅमची प्रत्येक सूचना स्वतःच्या देखरेखीखाली चालवते, मागितलेल्या प्रत्येक ब्लॉकची, म्हणजे मेमरीच्या तुकड्याची, नोंद ठेवते आणि शेवटी कोणत्या ब्लॉकचा पत्ता कोणत्याही पॉइंटरमध्ये, म्हणजे पत्ता साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, उरलेला नाही ते सांगते. यासाठी प्रोग्रॅम सोर्स कोडपासून नव्याने कंपाइल करावा लागत नाही. आमच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा गुण ठरला, कारण संशयितांमध्ये लेबल प्रिंटरच्या उत्पादकाने दिलेली एक शेअर्ड लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅम चालताना जोडला जाणारा तयार कोड, होती आणि तिचा सोर्स कोड आमच्याकडे नव्हता.

मात्र व्हॅलग्रिंडला हात लावण्यापूर्वी तक्रारीतले आकडे तपासावेत, हे मी आवर्जून सांगेन. पॅकहाउसच्या ऑपरेटरने सिस्टिम मॉनिटरचा फोटो पाठवला होता आणि आमच्या तीन प्रोग्रॅमांपुढचे आकडे बेरीज करून दाखवले होते. वजन, लेबल आणि नोंदवही हे तिन्ही प्रोग्रॅम पडद्यावर खिडक्या-बटणे दाखवणाऱ्या जीटीकेच्या त्याच लायब्रऱ्या वापरतात. त्या लायब्रऱ्यांची पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे भाग) मेमरीत एकदाच असतात, पण प्रत्येक प्रोग्रॅमची प्रत्यक्ष वापरातली मेमरी दाखवणाऱ्या 'रेसिडेंट' आकड्यात ती तिघांच्याही नावावर धरली जातात. प्रोग्रॅमच्या मेमरीचा तपशील देणाऱ्या लिनक्सच्या 'स्मॅप्स' फाइलमधला 'पीएसएस' आकडा ही सामायिक पाने वापरणाऱ्यांमध्ये वाटून दाखवतो, म्हणून बेरीज करायची ती त्याचीच. तशी ती केल्यावर एकूण आकडा बराच खाली आला, पण लेबलच्या प्रोग्रॅमची खाजगी मेमरी रोज वाढते हेही स्पष्ट झाले. म्हणजे तक्रार खरी होती.

मेमचेकचा पहिला अहवाल पाहून कोणीही हबकेल. दोन लेबले छापून प्रोग्रॅम बंद केला, तरी फॉन्ट शोधून देणारी फॉन्टकॉन्फिग लायब्ररी आणि जीटीके यांच्या नावाने शेकडो नोंदी आल्या. त्यांतल्या बहुतेक 'स्टिल रीचेबल', म्हणजे पत्ता अजून हाती असलेल्या, प्रकारच्या होत्या. लायब्ररीने सुरुवातीला एकदाच घेतलेली आणि प्रोग्रॅम संपेपर्यंत जवळ ठेवलेली ही मेमरी गळती नव्हे. अशा नोंदी गाळण्यासाठी सप्रेशन फाइल असते आणि तिचे मसुदे व्हॅलग्रिंड स्वतःच छापून देते. ते वापरताना फार जपावे लागते. आम्ही घाईत एका नियमात तीन टिंबांची ओळ घातली. ती ओळ मधल्या कितीही फंक्शनना लागू पडते आणि तिच्यामुळे आमच्याच दोन खऱ्या नोंदी दीड दिवस झाकल्या गेल्या. त्यानंतर आम्ही साधा उपाय धरला : एकदा २५ लेबले छापायची, एकदा ५०, आणि दोन्ही अहवालांत जे लेबलांबरोबर वाढते तेवढेच पाहायचे.

वाढणारी नोंद एकच निघाली. २५ लेबलांनंतर २५ ब्लॉकांत मिळून १०,००,००० बाइट 'डेफिनिटली लॉस्ट' (पत्ता कुठेच न उरलेले), आणि ५० लेबलांनंतर बरोबर दुप्पट. पण स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे ती मेमरी कोणकोणत्या फंक्शनांतून मागितली गेली त्या यादीत, जिथे फंक्शनची नावे हवीत, तिथे ओळीमागून ओळ प्रश्नचिन्हे होती. आमचा प्रोग्रॅम प्रत्येक लेबलासाठी प्रिंटरची लायब्ररी लोड करत होता आणि छपाई होताच काढून टाकत होता. अहवाल तयार होतो तेव्हा ती मेमरीत नसल्यामुळे पत्त्यांना नावे मिळत नव्हती. काढून टाकलेल्या लायब्रऱ्यांची डीबग माहिती राखून ठेवणारा 'कीप-डीबगइन्फो' हा पर्याय चालू केल्यावर नावे आली. हा पर्याय मुळात बंद असतो, आणि नवख्या माणसाला तो कोणी सांगितल्याशिवाय सापडणे कठीण आहे.

नावांच्याही आधी आकड्यानेच आम्हाला वाट दाखवली होती. प्रत्येक ब्लॉक ४०,००० बाइटचा होता. आमचे लेबल १०० बाय ५० मिलिमीटरचे, आणि प्रिंटर एका मिलिमीटरला आठ ठिपके काढणारा. म्हणजे ८०० गुणिले ४००, एकूण ३,२०,००० ठिपके, आणि एका ठिपक्याला एक बिट धरले की नेमके ४०,००० बाइट. हरवत होते ते छापल्या गेलेल्या लेबलाचे संपूर्ण चित्र. दिवसाला सहा हजार पेट्या धरल्या तर रोजचे २४ कोटी बाइट होतात, आणि तो संगणक होता अवघ्या २ जीबी मेमरीचा.

कारण कळले तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. लायब्ररी चित्रासाठी एकच ब्लॉक घेऊन त्याचा पत्ता स्वतःच्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवत होती आणि पुढच्या लेबलाला तोच ब्लॉक वापरणार होती. आम्ही ती काढून टाकताच तिचे ग्लोबल व्हेरिएबल नाहीसे होई, ब्लॉक मात्र मागे राही. पुढच्या वेळी कोऱ्या पाटीने सुरुवात करून ती नवा ब्लॉक मागून घेई. उतरताना तिने तो परत करायला हवा होता, हे खरे. पण तिला सहा हजार वेळा चढवण्या-उतरवण्याचे काहीच कारण नव्हते, आणि ती चूक आमची होती.

व्हॅलग्रिंडच्या मर्यादाही ठळक आहेत. प्रोग्रॅम वीस-तीस पटींनी मंदावतो, सगळे थ्रेड (प्रोग्रॅमचे एरवी समांतर चालणारे भाग) एका वेळी एकच असे चालतात, त्यामुळे चालू पॅकहाउसमध्ये ते वापरण्याचा विचारही करू नये. तक्रार कार्यालयात पुन्हा घडवता आली, तरच त्याचा उपयोग. ज्यांचे ग्राहक विंडोजवर आहेत, त्यांना याचा थेट उपयोग नाही. वाढ आलेखाने पाहायची असेल, तर केडीई या लिनक्स डेस्कटॉप प्रकल्पाचे हीपट्रॅक अधिक हलके आणि डोळ्यांना सोयीचे आहे. मात्र ते न सोडलेली मेमरी दाखवते, तिचा पत्ता अजून कोणाकडे आहे की नाही हे सांगत नाही. आमचा प्रश्न तर नेमका तिथेच अडला होता.

आता लायब्ररी प्रोग्रॅम सुरू होतानाच एकदा लोड होते. सुधारित आवृत्ती पॅकहाउसमध्ये बसवण्याआधी ५०० लेबलांची शेवटची चाचणी घेतली, तेव्हा मेमचेकने त्या ठिकाणी एकच नोंद दाखवली : १ ब्लॉक, ४०,००० बाइट, 'स्टिल रीचेबल'. ती आम्ही तशीच राहू दिली.