इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्यावा की मेकॅनिकल?

मागच्या महिन्यात निपाणीहून एक गृहस्थ मुलीला घेऊन बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या शेडवर आले. पोरगी दोन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर सराव करते, साठ शॉटांत सहाशेपैकी ५४० च्या आसपास मारते, आता स्वतःचं घ्यायचं ठरलंय. पैशाचं बोलणं घरात होऊन गेलेलं. अडलं होतं ते एकाच ठिकाणी: ट्रिगर इलेक्ट्रॉनिक की मेकॅनिकल? कोल्हापुरात एकानं एक सांगितलं, बेंगळुरात दुसऱ्यानं त्याच्या उलट. मी दोन्ही वापरलीत, म्हणून कुणीतरी माझ्याकडं धाडलं. त्यांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो, कारण वर्षातून चार-पाच वेळा हा प्रश्न माझ्या दारात येतोच.

मी फक्त दहा मीटर एअर पिस्तुलाबद्दल बोलतोय. .२२ च्या, म्हणजे काडतुसाच्या पिस्तुलाचा मामला निराळा. त्याला लायसन्स लागतं, पंचवीस मीटरला ट्रिगरही किमान एक किलोचा लागतो. त्यात मी पडत नाही.

कंपनीवरून मात्र भांडत बसू नका. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी, यातलं कुठलंही पिस्तूल शिकंज्यात आवळून मारलं तर दहा मीटरवर एकाच भोकातून छर्रे घालतं. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तूल ते चुकवत नाही, चुकवतो आपण. आणि ट्रिगरच्या बाबतीत तर एकाच घराण्यात दोन्ही भाऊ सापडतात: मोरिनीचं १६२ ईआय इलेक्ट्रॉनिक, १६२ एमआय मेकॅनिकल, स्टायरचं इव्हो १० मेकॅनिकल, १०ई इलेक्ट्रॉनिक. म्हणून नाव कुठलं यापेक्षा आत काय आहे ते बघा.

पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिकची बाजू मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. मेकॅनिकल ट्रिगरमध्ये धातूची एक कड दुसऱ्या कडेवरून निसटते आणि मग हॅमर सुटतो. कडा म्हटल्या की घासणं आलं, घासणं आलं की झीज आली, तेल आलं, धूळ आली. इलेक्ट्रॉनिकमध्ये बोट फक्त एक बारीकसा संपर्क जुळवतं, पुढचं काम वीज करते. त्यामुळं पहिला शॉट आणि साठावा शॉट बोटाला अगदी सारखा लागतो. मला तरी कधी फरक कळला नाही. ट्रिगरला दोन टप्पे असतात, पहिल्यात बोट नुसतं मागं जातं, दुसऱ्यात शॉट सुटतो. दुसऱ्या टप्प्यावर बोट टेकलं, जरासा दाब वाढवला की सुटलं. ओढ नाही, खरखर नाही. माझे सगळ्यात चांगले गुण आजही इलेक्ट्रॉनिकवरचेच आहेत, हे कबूल करतो.

मेकॅनिकलचा त्रास काय, तेही सांगतो. नियमानं ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. नळी आभाळाकडं करून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि जमिनीवरून उचलतात. ते उचललं गेलं तर पास. बेंगळूरला एका राज्य स्पर्धेत मॅच संपल्यावर ऑफिसरनं 'ट्रिगर चेक माडी' म्हणून हाक मारली. मी आपला निवांत, कारण घरी ५०५ वर लावून गेलो होतो. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर हादरे देत नेलं, त्यात स्क्रू हलला की थंडीनं स्प्रिंग बदलली, देव जाणे, पण पहिल्या उचलीला 'टक' झालं, म्हणजे वजन उचलायच्या आधीच ट्रिगर सुटला. दुसऱ्या उचलीलाही. तिसऱ्या आणि शेवटच्या उचलीला वजन राहिलं, तेव्हा माझ्या शर्टाची पाठ भिजली होती. त्या दिवसापासून मी ट्रिगर ५२० वर ठेवतो, पहिल्या टप्प्यात ३८०, दुसऱ्यात १४०. पाच-पाच ग्रॅमसाठी जीव टांगणीला लावायचं वय आता राहिलं नाही.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग झालं की, इलेक्ट्रॉनिकच घ्यावं. मीही तसंच म्हणून घेतलं होतं. तीन वर्षं वापरलं.

मला नडला तो स्विच.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरला चालू-बंद करायचा एक बारीक खटका असतो. माझ्या पिस्तुलाला होता तो तुरीच्या डाळीएवढा. बॅटरी वाचावी म्हणून खाली ठेवताना बंद करायची मला सवय, आणि ही सवय आमच्या घरात सगळ्यांनाच आहे. आई खोलीतून बाहेर पडताना आतल्या माणसाचासुद्धा दिवा बंद करते. मॅचमध्ये दहा शॉट मारले की मी पिस्तूल टेबलावर ठेवतो, हात झटकतो, पाणी पितो. परत उचलतो. छर्रा घातला, लीव्हर मिटला, हात वर गेला, हळूहळू खाली आला, साइट टार्गेटच्या काळ्या गोलाखाली स्थिर झाली, श्वास अर्ध्यावर थांबला, बोट पहिला टप्पा पार करून दुसऱ्यावर टेकलं. दाब वाढतोय. आणखी वाढतोय. काहीच होत नाही.

त्या क्षणी काय होतं ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. जिना उतरताना अंधारात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच यावी, तसा सगळा हात दचकतो. मनगट खाली झुकतं. शॉट गेलेला नसतो, म्हणजे कागदावर नुकसान शून्य. खटका चालू करायचा, परत उचलायचं. पण बोट मात्र आता संशयी झालेलं असतं. पुढच्या शॉटला ते दुसऱ्या टप्प्यावर जाऊन विचारतं, 'सुटणार का रे बाबा?' आणि उत्तराची वाट न बघता हिसका देतं. आठ गुण, सात वाजता, म्हणजे घड्याळातल्या सातच्या जागी, खाली डावीकडं. त्याच्या पुढचा पुन्हा आठ, सात वाजता. उजव्या हातानं मारणाऱ्याला हे सात वाजताचं घर चांगलं माहीत असतं. तीन-चार शॉट गेल्यावर कुठं बोट निवळतं. एका मॅचमध्ये दोनदा स्विच विसरलो तर सहा-सात गुण असे फुकट गेले. मी काही मोजमाप ठेवलेलं नाही, डायरीत कडेला 'स्विच' असं लिहिलेल्या दहा-दहा शॉटांच्या मालिका तेवढ्या बघितल्या: ८८, ८९, ८७. एरवी मी ९२-९३ चा माणूस.

तुम्ही म्हणाल, चालूच ठेवायचा. ठेवला. मग रात्री पेटीत चालूच राहिला, आणि रविवारी सकाळी बॅटरी झोपलेली. नवी खिशात ठेवायला लागलो. मग आषाढ आला. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, चपला कपाटातसुद्धा बुरसतात. बॅटरीच्या टोकांवर हिरवट पूड धरली. एक दिवस खटका चालू, बॅटरी नवी, आणि तरीही ट्रिगर मेलेला. टोकं घासली, चालू झालं. आठ दिवसांनी परत तेच.

माझं मशीन शॉप आहे. पिन असो, स्प्रिंग असो, स्क्रू असो, आमच्या उद्यमबागेत चहा थंड होईपर्यंत तसाच दुसरा करून देणारी माणसं आहेत. हायड्रॉलिकचा धंदा इथं मोठा, त्यामुळं नाना मापांच्या ओ-रिंगा गल्लीत मिळतात. सर्किट मात्र कुणी उघडायला तयार नाही. शेवटी ते कुरिअरनं बाहेर पाठवलं. सात आठवड्यांनी आलं, तोवर झोनलची मॅच होऊन गेली. ज्यांनी दुरुस्त केलं त्यांनी नीटच केलं असेल. पण परत आल्यावरही माझं बोट काही त्याच्यावर विश्वास ठेवेना. ते कपाटात गेलं आणि मी मेकॅनिकल घेतलं.

मेकॅनिकल बिघडतं तेव्हा आधी सांगून बिघडतं. ट्रिगर थोडा ओढ खायला लागतो, दुसरा टप्पा पिठूळ लागतो, आवाज बदलतो. तुम्हाला पंधरा दिवस मिळतात. एक बारीक ॲलन की (स्क्रू फिरवायची सहाकोनी किल्ली) आणि थोडी शांतता असली की ट्रिगरच्या स्क्रूला पाव फेरा देऊन बघता येतं. पाव फेऱ्याच्या वर देऊ नका, हे मी पदरमोड करून शिकलोय.

टोकियो ऑलिम्पिकचं उदाहरण या चर्चेत कुणीतरी काढतंच. २०२१ मध्ये पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला, तो परत मिळाला नाही. घाईत उरलेले शॉट मारून तिनं ५७५ केले आणि बारावी आली. लोक हे उदाहरण इलेक्ट्रॉनिकच्या विरोधात वापरतात. मला ते तितकंसं पटत नाही, कारण बिघाड कुठल्याही पिस्तुलात होतो, आणि त्याच मुलीनं २०२४ ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ घेतली. शिवाय तिच्यामागं प्रशिक्षक होते, जादा पिस्तूल होतं. तुमच्या-माझ्या मागं काय आहे, तर रात्रीची गाडी आणि एक पेटी. बिघाडाची किंमत आपल्याला जास्त पडते, एवढंच मी त्यातून घेतो.

आता हवा. इथं दोघांत फरक नाही, छर्रा ढकलायला दोन्हींना २०० बार दाबाच्या हवेचा सिलिंडर. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं होत नाही, तो आठ-दहा बारला दमतो. हँडपंपानं भरता येतो, फक्त पावसाळ्यात सावकाश आणि पाण्याचा सापळा असलेल्या पंपानं, नाहीतर आत ओलावा जातो. आमच्या भागात मला एका गोष्टीची खरी भीती वाटते: प्रत्येक फॅब्रिकेशनवाल्याकडं कटिंगचा ऑक्सिजन उभा असतो, आणि 'त्यातनंच भरूया की वो' असं म्हणणारा एक हुशार माणूसही असतो. चुकूनही नको. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा एक थेंब भेटले की स्फोट होतो. सिलिंडरवरची तारीखही बघा, विशेषतः सेकंडहँड घेताना. मुदत संपलेला सिलिंडर वापरला तर जबाबदारी तुमची.

आणि ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ. ट्रिगरवर एवढा काथ्याकूट करणारे लोक ग्रिप मात्र फोटो बघून मागवतात. हाताचं माप घ्या. पंजा सैल राहिला तर इलेक्ट्रॉनिकही सात वाजताच मारेल. थोडं कमी-जास्त असेल तर सुताराकडची लांबी (पुट्टी) लावून आणि कानस मारून जुळवता येतं. माझ्या अक्रोडाच्या ग्रिपवर अशी तीन थरांची ठिगळं आहेत, दिसायला भयानक, धरायला मऊ.

तर निपाणीची पोरगी. तिला सांगितलं, रोज रेंजवर जाणार असशील, बरोबर कोच असेल आणि तू शिस्तीची असशील तर इलेक्ट्रॉनिक तुला दोन-चार गुण जास्तच देईल. माझ्यासारखी विसराळू असशील तर बघ बाई. शेडच्या मागं मी दहा मीटर मोजून जागा केली आहे, तिथं तिला दोन्ही मारायला दिली. कपाटातलं जुनं इलेक्ट्रॉनिक काढलं, सिलिंडर अजून मुदतीतला, हवा भरली, नवी बॅटरी घातली. मेकॅनिकलवर तिनं दहा शॉटांत ८९ केले. इलेक्ट्रॉनिकवर पहिल्या चारांत ३८. बाप माझ्याकडं बघायला लागला. मीही मनातल्या मनात शब्द मागं घ्यायला लागलो.

मग ती पाणी प्यायला थांबली. पिस्तूल टेबलावर होतं. मी जवळ गेलो, साइट बघितली, परत ठेवलं. तिनं उचललं, हात खाली आला, स्थिर झाला. थांबली. मनगट दचकून खाली गेलं. तिनं पिस्तुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काका, बंद पडलं?"

स्विच मीच बंद केला होता. शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही. हाताला सवय. तिला चालू करून दिला, माफी मागितली. पुढचे दोन शॉट: आठ, सात. दोन्ही सात वाजता.

तिचे वडील काही बोलले नाहीत, आणि मीही नाही. निघताना ते उजव्या हाताच्या मीडियम ग्रिपबद्दल विचारत होते. पोरगी गाडीपाशी थांबली आणि म्हणाली, "काका, ती दीड एमएमची ॲलन की इथं कुठं मिळेल?"

पेटीत दोन होत्या. एक देऊन टाकली.