एआरएफ ट्रेनर किट: विमान झकास, पण विंगची भोकं तपासल्याशिवाय बोल्ट आवळू नका

रिमोटने उडवायचं, शिकाऊंसाठीचं (ट्रेनर) मॉडेल विमान, एआरएफ म्हणजे जवळजवळ तयार येणारं. हाय-विंग (विंग बॉडीच्या वर), बाल्सा या हलक्या लाकडाचं, विंगस्पॅन १.६ मीटर, ४० साइज (०.४० घन इंच) इंजिन किंवा तेवढ्याच ताकदीची इलेक्ट्रिक मोटर. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. कव्हरिंग, टाकी, चाकं वगैरे सगळं ठीकठाक आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, कव्हरिंगच्या एक-दोन सुरकुत्या होत्या त्या इस्त्रीने गेल्या. जे काही आहे ते विंग बसवण्यात आहे, त्यामुळे रिव्ह्यू त्याचाच.

विंग दोन भागात येते, मधे ॲल्युमिनियमची नळी आणि तिच्या मागे एक छोटी पिन, म्हणजे विंग नळीभोवती फिरू नये. तर नळी डाव्या अर्ध्यात एकदम टाइट आणि उजव्यात मात्र आजोबांच्या दातासारखी हलते. पिनचं भोकही सैल. आता हे असंच ठेवून उडवलं तर दोन्ही बाजूंचा इन्सिडन्स (विंग बॉडीवर ज्या कोनात बसते तो) वेगवेगळा पडणार, विमान सारखं एका बाजूला कलणार, माणूस एलेरॉनला (विंगच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांना) ट्रिम देत बसणार आणि लँडिंगला स्पीड कमी झाला की नेमकी एक विंग आधी पडणार. उपाय सोपा आहे, नळीवर सेलोटेपचा एक वेढा आणि पिनच्या भोकात पातळ सीएचे (सुपरग्लूचे) एक-दोन थेंब, पूर्ण वाळू द्यायचे आणि मगच पिन घालायची. मग इन्सिडन्स मीटर दोन्ही अर्ध्यांवर मुळापासून सारख्याच अंतरावर लावून आकडे जुळवले. मॅन्युअलमध्ये यातलं अक्षरही नाही.

आता मेन तक्रार. पुढे दोन लाकडी डॉवेल (गोल खुंट्या) बॉडीच्या भोकात जातात आणि मागे दोन नायलॉन बोल्ट, ही पद्धत मला स्वतःला आवडते, मैदानावर दोन मिनिटात विंग चढते आणि दर वेळी त्याच जागी बसते. पण त्याच जागी बसते हीच गोम आहे ना! रबरबँडवाल्या ट्रेनरमध्ये विंग हाताने सरकवून सरळ करता येते, इथे फॅक्टरीत भोक जिथे पडलं तिथेच विंग बसणार, वाकडं तर वाकडं. माझ्या किटमध्ये मागची भोकं ३ मिमी बाजूला होती. ऐकायला काहीच नाही वाटत, पण डॉवेल ते बोल्ट अंतर २५० मिमी धरलं तर टोकापर्यंत जाता जाता ते जवळजवळ १ सेंटीमीटर होतं, आणि एक टोक पुढे सरकतं तेव्हा दुसरं मागे जातं.

हे डोळ्याला दिसत नाही, दोऱ्यानेच कळतं. विंग चढवा, बोल्ट हलके लावा, बॉडीच्या शेपटाकडच्या टोकाला बरोबर मधे एक टाचणी टोचा, न ताणणारा दोरा तिला बांधा आणि एका विंगच्या टोकाच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत न्या, दोऱ्यावर तिथे टेपचा तुकडा चिकटवा, मग तोच दोरा दुसऱ्या टोकाला. माझा टेपचा तुकडा दुसऱ्या बाजूला कोपऱ्याच्या चांगला दीड सेंटीमीटर अलीकडेच राहिला. मी विंगमधली भोकं लाकडी डॉवेल आणि ३० मिनिटवाल्या इपॉक्सीने बुजवली, दुसऱ्या दिवशी दोऱ्याने विंग सरळ केली, टेपने घट्ट धरली आणि नवीन भोकं पाडली. एआरएफ म्हणजे जवळजवळ तयार म्हणून विकता आणि विंगला परत ड्रिल लावायला लागतं, हे काय बरोबर नाही राव.

अजून एक, मॅन्युअल म्हणतं आधी टेल चिकटवा आणि मग विंग. उलटं करा! आधी विंग सरळ करून घ्या, मग मागे तीनेक मीटरवर उभं राहून विंग आणि स्टॅब (शेपटीचा आडवा पंख) एकमेकांना समांतर दिसतायत का ते बघा, नसतील तर स्टॅबची खाच हलकी घासा आणि मगच इपॉक्सी लावा. टेल एकदा पक्की चिकटली की मग विंगच्या सॅडलवर (बॉडीवर विंग टेकते त्या जागी) पट्ट्या लावून खेळ करत बसावं लागतं.

पट्टीवरून आठवलं, सॅडलला लावायला किटमध्ये जाड फोम टेप दिलीय ती मी वापरलीच नाही. बोल्ट जितका आवळाल तितकी ती दबते, म्हणजे दर वेळी इन्सिडन्स वेगळा. २८० मिमीच्या कॉर्डमध्ये (विंगची पुढून मागे रुंदी) मागे १ मिमी वरखाली झालं की साधारण ०.२ डिग्रीचा फरक पडतो, म्हणून मी सरळ पातळ टेप लावली. थ्रॉटल दिला की विमान फारच वर चढायला बघतंय असं वाटलं तर विंगच्या मागच्या कडेखाली पातळ प्लायची पट्टी टाकून इन्सिडन्स थोडा कमी करता येतो, पण त्याआधी सीजी (गुरुत्वमध्य) तपासा आणि मोटरचा डाउनथ्रस्ट (खाली झुकवलेला कोन) पण, नाहीतर भलतंच काहीतरी दुरुस्त करत बसाल.

नायलॉन बोल्टबद्दल काहीजण म्हणतात हे काय प्लास्टिक, स्टीलचे टाका. अजिबात टाकू नका. विंग जमिनीला अडकली की नायलॉन तुटतो, विंग सुटून बाजूला पडते आणि बॉडी वाचते, ते तुटण्यासाठीच आहेत. आवळताना मात्र बोटाने पूर्ण आणि वर पाव आटा, बास. जास्त आवळलं की मागच्या कडेचा बाल्सा चेपतो. बोल्टच्या डोक्याखाली प्लायची प्लेट दिलीय ही चांगली गोष्ट, पण ती चिकटवायच्या आधी तिथलं कव्हरिंग काढा, इपॉक्सीने नुसतं प्लास्टिक धरून काय उपयोग.

हे सगळं केल्यावर उडवलं तर विमान खरंच मस्त आहे, एलेरॉन ट्रिम जवळपास लागलाच नाही, स्टॉल (वेग फार कमी होऊन विंगचा आधार सुटणं) सरळ नाक खाली घालून होतो आणि रिमोटची काठी सोडली की आपलं आपण सावरतं. पाचपैकी साडेतीन. कापलेला अर्धा आणि अख्खा स्टार दोन्ही भोकांच्या आणि मॅन्युअलच्या नावावर. पहिलंच विमान घेणाऱ्याने मोजणारा कोणी अनुभवी सोबत असेल तरच घ्यावं, आणि बॉक्समध्ये बोल्ट दोनच येतात, त्यामुळे त्याच आट्याचे चार-पाच जास्तीचे आधीच आणून ठेवा.