टेस्टोस्टेरॉन जेल: ९ महिने वापरल्यानंतरचा अनुभव (आणि त्याआधीचे बिनऔषधाचे ७ महिने)

वय ५२, मुक्काम डोंबिवली, खुर्चीवरची नोकरी, वडिलांना ५८ व्या वर्षी हार्ट अटॅक. गेले ९ महिने टेस्टोस्टेरॉनचं (पुरुषी हार्मोनचं) जेल लावतोय, आणि त्याआधी ७ महिने डॉक्टरांनी एक गोळीसुद्धा न देता नुसतं राबवून घेतलं, त्यामुळे हिशोब एकूण १६ महिन्यांचा आहे. मराठीत या विषयावर एकतर जाहिराती सापडतात नाहीतर कुजबुज, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, माझं शरीर माझं, तुमचं तुमचं.

सुरुवात अशी झाली की दुपारी तीन वाजता डोळे मिटायला लागायचे, स्टेशनचा पूल चढताना मांड्या भरून यायच्या, आणि (आता लिहायचंच ठरवलंय तर लिहितो) बायकोच्या जवळ जायची इच्छाच संपली होती. वजन ८४, उंची पाच फूट सात इंच, कंबर १०१ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या वर गेली की धोका धरतात. मी मनात म्हटलं वय झालं, दुसरं काय. मग फोनवर त्या जाहिराती यायला लागल्या, चाळिशीनंतरची मरगळ वगैरे, आणि एका रविवारी रक्त तपासणीचं पॅकेज बुक करून बसलो. लॅबचा मुलगा रक्त घ्यायला आला दुपारी चारला, मी मस्त मटण भात खाऊन लोळत होतो. टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट १९८ (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे आकडेही त्यातच). रिपोर्ट उघडतोय तोवर फोन, सर तुमचं लेव्हल खूपच डाऊन आहे, तीन महिन्यांचा इंजेक्शनचा कोर्स, आज घेतला तर डिस्काउंट. जिमच्या ट्रेनरला विचारलं तर तो म्हणे कशाला एवढे पैसे घालवताय, मीच आणून टोचतो. दोघांनाही नमस्कार केला आणि ठाण्याला एंडोक्राइनच्या, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो. तेवढी अक्कल कुठून आली माहीत नाही, बहुतेक बायकोची होती.

डॉक्टर मॅडम निघाल्या, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पहिलाच प्रश्न, सकाळी जाग येते तेव्हा इरेक्शन असतं का. शेजारी बायको बसलेली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो, शेवटी बायकोनेच उत्तर दिलं. पण प्रश्न फालतू नव्हता, कारण थकवा कशानेही येतो, थायरॉइडने येतो, बॉसमुळे येतो, पण हे एक लक्षण टेस्टोस्टेरॉनशी जास्त जवळचं आहे. १९८ चा रिपोर्ट त्यांनी न वाचताच बाजूला ठेवला. हे हार्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि जेवल्यावर खाली येतं, त्यामुळे सकाळी लवकर, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी मोजायचं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत होतो त्या आधी बंद करायला लावल्या, काही लॅबच्या पद्धतीत बायोटिनमुळे आकडा चुकतो म्हणे. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

दोन रिपोर्ट आले २३६ आणि २५१. अमेरिकेतले युरॉलॉजिस्ट ३०० च्या खाली कमी धरतात, म्हणजे मी कमीच होतो, पण मॅडमनी लगेच औषध लिहिलं नाही. पोट सुटलेल्या आणि साखर वाढलेल्या माणसाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं एक प्रोटीनच कमी असतं, एसएचबीजी म्हणतात त्याला, त्यामुळे एकूण आकडा असतो त्याहून वाईट दिसतो, म्हणून फ्री टेस्टोस्टेरॉन, म्हणजे प्रोटीनला न चिकटलेलं मोकळं, काढावं लागतं. माझं तेही जरा खालीच होतं. एलएच (मेंदूकडून वृषणांना हुकूम देणारं हार्मोन) पण खालच्या बाजूला, म्हणजे कारखाना चालू आहे पण हेड ऑफिसकडून ऑर्डरच कमी येतेय. प्रोलॅक्टिन (हे हार्मोन वाढलं तरी टेस्टोस्टेरॉन घटतं) नॉर्मल. आणि पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते, ते मेंदूला कळलं की तो अजून हात आखडता घेतो. थोडक्यात पोटाने टेस्टोस्टेरॉन खाल्लं आणि कमी टेस्टोस्टेरॉनने पोट वाढवलं, आधी कोण ते शोधत बसू नका, आधी पोट कमी करा, असं त्यांचं म्हणणं.

मग डेक्सा स्कॅन केला. दहाएक मिनिटं झोपून राहायचं, हाडं चरबी आणि बाकीचं वेगवेगळं मोजून मिळतं. ३४.१ टक्के फॅट! म्हणजे ८४.२ किलोत २८.७ किलो नुसती चरबी. हातपाय बघून कुणी म्हणालं नसतं, हात तर काडीसारखे. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ सालचा लॅन्सेटमधला फोटो मॅडमनी दाखवला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच २२.३, पण युडकिनांची चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणारा जाडा भारतीय ही गोष्ट त्या दिवशी खरी कळली, फक्त मी बारीकही नव्हतो.

तर ते ७ महिने. आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलायची, रोज चालणं, आणि दिवसाला साधारण १०० ग्रॅम प्रोटीन. हे प्रोटीनचं बोलायला सोपं आहे. आपल्या घरात वरण भात भाजी पोळी म्हणजे संपूर्ण आहार अशी श्रद्धा असते, एक आठवडा मोजून बघितलं तर माझं प्रोटीन ४५ च्या आसपास निघालं. मग तीन अंडी सकाळी, दुपारच्या डब्यात मटकीची उसळ किंवा पनीर, संध्याकाळी ५० ग्रॅम सोया चंक्स (त्यात २५ ग्रॅमच्या वर प्रोटीन आहे, चवीबद्दल बोलू नये), बुधवारी आणि रविवारी बांगडा. पोळ्या चारावरून दोनावर आल्या तेव्हा आई पंधरा दिवस रुसली होती. क्रिएटिन (व्यायाम करणारे घेतात ती पावडर) रोज ५ ग्रॅम. जिममध्ये पहिल्या दिवशी रिकामा रॉड उचलून कंबर धरली, आता डेडलिफ्ट ९० किलोवर आहे, ट्रेनर बदललाय.

घोरण्याचाही तपास झाला. झोपेत श्वास अडकतो का ते घरीच मशीन लावून बघितलं, सौम्य निघालं, उताणं झोपू नका आणि वजन कमी करा एवढ्यावर भागलं. ज्यांचं जास्त असेल त्यांनी आधी त्याचा इलाज करावा लागतो, वरून टेस्टोस्टेरॉन घेतलं तर ते बिघडू शकतं. माझी मुख्य चूक म्हणजे रात्री साडेबारापर्यंत मोबाईल आणि पाच पन्नासचा गजर. शिकागोत २०११ साली दहा तरुण पोरांना आठवडाभर पाचच तास झोपू दिलं तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के खाली आलं होतं. तरुणांचं ते, आपली काय कथा.

७ महिन्यांनी वजन ७९, चरबी २३.४ किलो, म्हणजे सव्वापाच किलो चरबी गेली आणि बाकीचं शरीर तसंच राहिलं. कंबर ९३. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२ वरून ५.७. दुपारची झोप गेली, पूल चढताना काही वाटेना. पण टेस्टोस्टेरॉन? २६८ आणि २७४. आणि ती जी मुख्य तक्रार होती ती जिथल्या तिथे. तेव्हा मॅडम म्हणाल्या आता देऊन बघू.

वडिलांचा अटॅक डोक्यात होता म्हणून हृदयाचं विचारलं. २०२३ ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये ट्रॅव्हर्स नावाचा अभ्यास आला, ५,२०० हून जास्त पुरुष, सगळे हृदयरोग असलेले किंवा धोका असलेले, अर्ध्यांना जेल आणि अर्ध्यांना बिनऔषधाचं जेल. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, ७ टक्के आणि ७.३ टक्के. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी हे औषधवाल्यांत जास्त दिसलं, आणि पुढच्या वर्षी त्याच लोकांचे फ्रॅक्चरचे आकडे आले तेही जेलवाल्यांत जास्त. हाडं मजबूत होतील म्हणून घेणाऱ्यांनी हे वाचावं. मी चार दिवस विचार करून हो म्हटलं.

आता जेल. एक टक्का जेल, ५ ग्रॅमचं पाकीट, त्यात ५० मिलिग्रॅम औषध आणि अंगात जातं त्यातलं साधारण दहावा हिस्साच. सकाळी आंघोळीनंतर खांद्यांवर चोळायचं, वाळू द्यायचं, हात साबणाने धुवायचे, मग शर्ट. वास सॅनिटायझरसारखा. काही तास अंग भिजवायचं नाही, आणि इथे डोंबिवलीकराची गोची होते, कारण मे महिन्यात आठ पंचवीसच्या लोकलमध्ये अंग कोरडं ठेवणं कुणाच्या हातात आहे? मी पाच वाजता उठून आंघोळ करून लावायला लागलो, म्हणजे गाडीपर्यंत दोन अडीच तास मिळतात. दुसऱ्याला लागू न देणं तर फारच महत्त्वाचं, बायकांना आणि लहान मुलांना हे अंगाला लागलं तर त्यांच्या शरीरावर परिणाम होतात. भावाची चार वर्षांची पोरगी विसर्जनाला नेहमी माझ्या खांद्यावर बसते, यंदा तिला बाबाच्या खांद्यावर बसवलं आणि कारण काय सांगायचं हे कुणालाच सुचेना, शेवटी काकाची मान दुखते.

फरक कधी पडला? पहिले तीन आठवडे शून्य. पाचव्या सहाव्या आठवड्यात एका सकाळी मॅडमच्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदललं. इच्छा परत आली, विशीतली नाही, पण आली. चिडचिड कमी झाली असं बायको म्हणते, ऑफिसातले म्हणत नाहीत. टेस्टोस्टेरॉन आता ४८० ते ५४० च्या मध्ये असतं.

शरीराचं मात्र ऐका. जेलच्या ९ महिन्यांनंतर वजन ७८.६, चरबी २१.४ किलो, कंबर ९१. म्हणजे दोन किलो चरबी गेली आणि दीडएक किलो बाकीचं वाढलं, त्यातही थोडं पाणीच असणार कारण हे औषध पाणी धरून ठेवतं. व्यायाम आणि जेवण तसंच चालू होतं, त्यामुळे यातलं जेलचं किती आणि बांगड्याचं किती ते देव जाणे. पहिल्या ७ महिन्यांत कंबर ८ सेंटीमीटरने उतरली, जेलवर दोन. ज्याला फक्त पोटासाठी घ्यायचंय त्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

आता बिल. पैशाचं नाही, बाकीचं. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) ४४.६ वरून ५०.९ झालंय, ५४ च्या वर गेलं तर औषध थांबवावं लागतं कारण रक्त घट्ट होतं. इंजेक्शनमध्ये हे अजून जास्त वाढतं असं मॅडम म्हणाल्या, म्हणून मी जेलवरच आहे. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची रक्त तपासणी) ०.९ होता, आता १.२, तो वर्षात फार उडी मारतो का यावर लक्ष. पाठीवर पुरळ, पन्नाशीत मुरमं, हसू नका. वरून औषध मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं जवळजवळ थांबवतं, वृषणं थोडी लहान होतात, झालीत. ज्यांना अजून मूल हवंय त्यांनी तर हे घेऊच नये, शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात, त्यांच्यासाठी वेगळी औषधं असतात. आमच्या जिममधला तिशीतला एक पोरगा ट्रेनरकडून टोचून घ्यायचा, लग्नाला दोन वर्षं झाली, आता सिमेन रिपोर्ट घेऊन फिरतोय.

कुणाला घ्या म्हणू? दोनदा सकाळी तपासून कमी असेल, लक्षणंही असतील आणि सहा महिने वजनं उचलून झाली असतील तर डॉक्टरशी बोला. पाचपैकी साडेतीन स्टार जेलला. सोया चंक्सला चार, चवीचा एक कापला.

पुढच्या महिन्यात मॅडमकडे जायचंय. कंबर ८८ पर्यंत आली तर जेल काही महिने बंद करून स्वतःचं किती बनतंय ते बघू असं त्या म्हणाल्यात, सुरुवातीला खूप गळून गेल्यासारखं होईल हेही सांगितलंय. मी तयार आहे म्हटलं. बायको म्हणाली, अहो, दिवाळी होऊन जाऊ दे.