सोळा आठवडे डोक्यावर बसलेलं गाणं, आणि तरी चांगलं

रॉक गायक ब्रायन अ‍ॅडम्सचं ‘एव्हरीथिंग आय डू, आय डू इट फॉर यू’ आवडतं म्हटलं की म्युझिकमधले जाणकार लगेच नाक मुरडतात. काय ते गुळमट, रडकं वगैरे. मला विचाराल तर ह्या गाण्याचा गुन्हा एवढाच की ते प्रमाणाबाहेर वाजलं. १९९१ च्या जुलैत ब्रिटनच्या सिंगल विक्रीच्या चार्टवर एक नंबरला गेलं ते सलग १६ आठवडे हललंच नाही, ऑक्टोबरच्या शेवटी यू२ बँडच्या ‘द फ्लाय’नं येऊन खाली ओढलं तेव्हा कुठे सुटका. आधीचा सलग रेकॉर्ड ११ आठवड्यांचा, तोही १९५५ चा, अमेरिकन गायक स्लिम व्हिटमनचा. अमेरिकेत ७ आठवडे एक नंबर. आता उठता बसता तेच कानावर पडत असेल तर माणूस वैतागणारच ना, त्यात गाण्याचा काय दोष? २०१६ ला रॅपर ड्रेकचं ‘वन डान्स’ ब्रिटनमध्ये १५ आठवड्यांवर येऊन अडकलं, आणि तेव्हा स्ट्रीमिंग होतं, इथे लोक दुकानात जाऊन पैसे मोजून सिंगल, म्हणजे एकाच गाण्याची रेकॉर्ड किंवा कॅसेट, घेत होते.

गाणं मुळात केविन कॉस्टनरच्या ‘रॉबिन हूड: प्रिन्स ऑफ थीव्ज’साठी केलेलं. पिक्चरचं बॅकग्राउंड म्युझिक मायकल केमनचं, त्यातलीच एक चाल उचलून अ‍ॅडम्स आणि प्रोड्युसर मट लँग यांनी हे गाणं बसवलं. फिल्मवाल्यांना म्हणे ल्यूट, मँडोलिन असली जुन्या काळची वाद्यं हवी होती, अ‍ॅडम्स काही बधला नाही, मग गाणं टाकलं शेवटच्या पाट्यांवर, म्हणजे पब्लिक चपला शोधत उठलेलं असताना. आणि तेच गाणं पिक्चरपेक्षा जास्त जगलं!

आता गाण्याबद्दल. सुरुवातीला पियानो आणि तो घोगरा आवाज, बस. सगळी गंमत त्या घोगरेपणात आहे. हीच चाल एखाद्या गोड गळ्याच्या गायकानं म्हटली असती तर साखरेच्या पाकात बुडाली असती, इथे आवाज खरवडल्यासारखा येतो म्हणून ‘तुझ्यासाठी जीव देईन’ छापाचे शब्दसुद्धा पटतात. शब्द तसे साधेच आहेत हो, कॉलेजातल्या पोरानं वहीच्या मागच्या पानावर लिहावेत असे, तिथे मार्क नाहीत. पण मट लँग म्हणजे एसी/डीसी ह्या रॉक बँडचा ‘बॅक इन ब्लॅक’ अल्बम करणारा माणूस, त्याला गाणं कधी दाबायचं आणि कधी सोडायचं ते बरोब्बर कळतं. ड्रम्स उशिरा येतात, मग मधल्या कडव्यात सगळं वर चढतं आणि अ‍ॅडम्सचा गिटारवाला कीथ स्कॉटचा गिटार सोलो सुरू होतो, छोटासा, शायनिंग न मारणारा, गुणगुणता येईल असा. रेडिओवर चार मिनिटांचं वाजतं. ‘वेकिंग अप द नेबर्स’ अल्बमवर साडेसहा मिनिटांचं आहे ते ऐका, शेवटी अ‍ॅडम्स मोकळा सुटून गातो तो भाग छोट्यात कापलाय आणि माझ्या मते तोच बेस्ट आहे.

ग्रॅमी मिळालं, ऑस्करचं नॉमिनेशनही होतं पण तिथे ‘ब्युटी अँड द बीस्ट’नं बाजी मारली. सगळ्यात भारी किस्सा कॅनडाचा. पठ्ठ्या कॅनडाचा, गाणं तिथेही एक नंबर, आणि रेडिओवर काही वाटा देशी गाण्यांचा हवा, ह्या सरकारी नियमानं लँगबरोबर लिहिलेली ह्या अल्बमची गाणी ‘कॅनेडियन’ म्हणून मोजायला नकार! का तर सहलेखक बाहेरचा आणि रेकॉर्डिंगही बाहेर केलेलं. बराच गोंधळ झाला, मग नियम बदलावा लागला.

आपल्याकडे ह्याला चार्टची गरज कधी पडलीच नाही. गिटार हातात घेतलेलं पोरगं आधी अ‍ॅडम्सचंच ‘समर ऑफ सिक्स्टीनाइन’ वाजवतं आणि मग कुणीतरी समोर बसलेलं असलं की हे. डिसेंबर २०२४ मध्ये अ‍ॅडम्स पुन्हा मुंबईत वाजवून गेला, पासष्टी गाठलेला माणूस.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो व्हिडिओसाठी, जंगलात उभा राहून अ‍ॅडम्स जीव तोडून गातोय आणि मध्येच पिक्चरची क्लिप घुसते, दर वेळी मूड जातो. नुसतं ऐका, हेडफोन लावून.