गोव्याच्या तीन जिन : पहिली बाटली कोणती घ्यावी?

म्हापसा, पणजी, मडगाव, कुठल्याही मोठ्या दारूच्या दुकानात शिरा, गोव्यात बनलेल्या जिनच्या बाटल्यांची आता रांगच लागलेली असते. २०१७ साली ‘ग्रेटर दॅन’ आली, त्याआधी हिशेब साधा होता : देशी जिन म्हणजे स्वस्तातली आणि बरी हवी असेल तर विलायती. आज अडचण उलटी आहे. पहिलीच बाटली घेणाऱ्याला मी तीन नावं सांगतो : ग्रेटर दॅन, स्ट्रेंजर अँड सन्स आणि हापुसा.

लेबलवर किती वनस्पती वापरल्या ते ठळक छापलेलं असतं. त्या आकड्यावर जाऊ नका. जिन तुम्ही कशात घालून पिणार, टॉनिकमध्ये (म्हणजे क्विनाइनच्या कडवट चवीचं सोडापेय), कोकमात की नुसत्या बर्फावर, हे आधी ठरवा आणि मग बाटलीला हात लावा. एकात खुलणारी जिन दुसऱ्यात पार हरवून जाते.

जिन बनते कशी, तेही थोडं माहीत असावं. मूळ मद्य म्हणजे जवळजवळ वास-चव नसलेलं अल्कोहोल. बरेच छोटे उत्पादक ते बाहेरून विकत घेतात आणि त्यात कमीपणा काही नाही. कसब लागतं ते पुढे. त्या मद्यात ज्युनिपर या सूचिपर्णी झुडपाची फळं, धणे, साली, मुळं भिजत घालायची, सगळं भट्टीत चढवायचं आणि गाळताना सुरुवातीचा उग्र आणि शेवटचा जड भाग बाजूला काढून मधला तेवढाच ठेवायचा. ज्युनिपर नसेल तर ती जिनच नव्हे. बाकीच्या मसाल्यांनी त्या ज्युनिपरला साथ दिली की झाकून टाकलं, हे चाखून बघायचं.

तीव्रतेच्या बाबतीत तिन्ही जवळपास सारख्या आहेत. ग्रेटर दॅन आणि स्ट्रेंजर ४२.८ टक्के, हापुसा ४३. हा ४२.८ चा विचित्र आकडा आपल्याकडच्या कितीतरी बाटल्यांवर दिसतो, कारण तो जुन्या ब्रिटिश मोजमापातला ७५ डिग्री प्रूफ आहे. आपल्याला त्याचा फायदा असा की तुलना सरळ होते, कुणी जास्त कडक म्हणून जास्त चांगली वाटली असं होत नाही.

ग्रेटर दॅन ही आनंद विरमानी आणि वैभव सिंग यांनी सुरू केलेल्या नाओ स्पिरिट्स या कंपनीची. घडण लंडन ड्राय पद्धतीची, म्हणजे सगळी चव ऊर्ध्वपातनातूनच यायला हवी, नंतर वरून अर्क किंवा साखर घालायची नाही. ज्युनिपर मॅसेडोनियाचं, जोडीला धणे, बडीशेप, आलं, गवती चहा, कॅमोमाइल. नुसती प्यायलात तर आधी ज्युनिपरचा देवदारासारखा वास, मग हलकी बडीशेप आणि शेवटी आल्याची उब. फार गुंतागुंत नाही, आणि मला ती याच कारणासाठी आवडते. साधं टॉनिक, लिंबाची फोड, भरपूर बर्फ, एवढ्यात काम होतं. कोकमाचं आगळ, चिमूटभर मीठ आणि सोडा यांच्याबरोबर तर तिन्हींत हीच जमते. आगळाचा आंबटपणा तिच्या कोरडेपणाला धरून राहतो. तिन्हींत ती स्वस्तही आहे. घरी चार माणसं येणार असतील तर हात आखडता घ्यावा लागत नाही.

स्ट्रेंजर अँड सन्सबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण भारतात जिन बनवायची तर ती कशी असावी, या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर या बाटलीत आहे. साक्षी सैगल, राहुल मेहरा आणि विदुर गुप्ता यांच्या थर्ड आय डिस्टिलरीतून ती २०१८ साली आली. २०२० मध्ये लंडनच्या आयडब्ल्यूएससी (इंटरनॅशनल वाइन अँड स्पिरिट कॉम्पिटिशन) या मद्यांच्या स्पर्धेत तिला ‘गोल्ड आउटस्टँडिंग’ मिळालं. पदकं बाजूला ठेवा आणि ग्लास नाकाशी धरा. पहिल्यांदा सालींचा वास येतो : गंधराज लिंबू, बर्गमॉट, साधं लिंबू आणि आपल्या नागपूरचं संत्रं. संत्र्याची साल नखाने मोडली की जे तेल बोटांवर उडतं, अगदी तोच. त्यामागून मिरी येते, मग जायफळ-जायपत्री, तज आणि शेवटी जेष्ठमधाचा गोडवा जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो. इतके मसाले एका भांड्यात आले की घरच्या गोड्या मसाल्यासारखं काहीतरी व्हायची धास्ती असते. इथे तसं होत नाही, ज्युनिपर खाली तग धरून राहतं. हे प्रमाण साधणं फार अवघड आहे आणि ज्यांनी साधलं त्यांचं मनापासून कौतुक वाटतं.

हिला टॉनिक चांगलं द्या. गोड टॉनिकमध्ये मिरी मरते. एक भाग जिन, दोन भाग टॉनिक, लिंबाऐवजी संत्र्याची साल. सोबत रव्यात तळलेला बांगडा असेल तर आणखी काही नको. कोकमात मात्र घालू नका, आगळ आणि जायपत्री एकमेकांशी भांडतात.

हापुसा पुन्हा नाओचीच, पण स्वभाव अगदी वेगळा. हिमालयात रानटी वाढणारं ज्युनिपर हा तिचा कणा. त्यात हळद, आलं, वेलची, गंधराज. वास पावसात भिजलेल्या मातीकडे आणि राळेकडे जाणारा. हळद रंगात दिसत नाही, ऊर्ध्वपातनात रंग मागेच राहतो, पण तिचा कडवट-मातकट स्वाद घशात जाणवतो. टॉनिकमधल्या क्विनाइनचा कडवटपणा त्यावर चढला की सगळं एकसुरी होतं, म्हणून हिला टॉनिकमध्ये बुडवणं मला पटत नाही. मोठा बर्फाचा खडा आणि थोडा वेळ, एवढंच पुरे. सिंगल माल्ट व्हिस्की सावकाश पिणाऱ्याला ही आवडेल. जिनची सवयच नसलेल्याला पहिली बाटली म्हणून मी देणार नाही. तिन्हींत ती महागही आहे.

बाटली घेण्याआधी चाखायची संधी मिळाली, बारमध्ये किंवा मित्राकडे, तर बर्फ आणि टॉनिक घालायची घाई करू नका. सारखे ग्लास घ्या, प्रत्येकात थोडीशी जिन, खोलीच्या तापमानाला. आधी वास, मग एक छोटा घोट, मग तेवढंच पाणी घालून दोन मिनिटं थांबा. पाण्याने अल्कोहोलचा झणका उतरतो आणि दडलेले वास वर येतात. कधी ग्लासात हलका धुरकटपणा येईल. घाबरू नका, सालींची आणि मसाल्यांची तेलं अल्कोहोलमध्ये विरघळतात, पाण्यात नाही, म्हणून तसं होतं. क्रम ग्रेटर दॅन, स्ट्रेंजर, हापुसा असाच ठेवा. हापुसा आधी प्यायलात तर ग्रेटर दॅन पाणचट वाटेल आणि तो तिच्यावर अन्याय आहे.

याच रांगेत गुलाबपाकळ्या आणि वाळा घातलेली समसाराही असते. फुलांचा वास आवडत असेल तर जरूर बघा, माझ्या जिभेला ती अत्तराकडे झुकलेली वाटते. जैसलमेर गोव्याची नव्हे, ती उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या रॅडिको खेतानची, म्हणून इथे मोजली नाही.

तर एकच बाटली घ्यायची आणि घरात टॉनिक नेहमी असतं, तर स्ट्रेंजर. पाहुणे, कोकम, कॉकटेल असा राबता असेल तर ग्रेटर दॅन. रात्री जेवणाआधी एकट्याने एक पेला, तर हापुसा.

आणि महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी : गोव्यात किंमत कमी दिसली म्हणून डिकी भरू नका. त्या बाटल्या गोव्यात विकण्यासाठीच्या असतात. महाराष्ट्राचा उत्पादन शुल्क विभाग सीमेवर गाड्या तपासतो आणि परवान्याशिवाय दारू आणणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात अशी दारू प्यायला वय २५ पूर्ण लागतं आणि मद्यसेवनाचा परवानाही. तिन्ही जिन मुंबई-पुण्यातल्या चांगल्या दुकानांत मिळतात. चार पैसे जास्त जातील, ते जाऊ द्या.