क्लॅम्प, बर्फ की क्लॅम्पशिवाय? किडनीतली गाठ काढण्याआधी

गाठ चार सेंटिमीटरच्या आतली असेल तर हल्ली शक्यतो गाठ तेवढी काढतात, किडनी ठेवतात. अडचण रक्ताची. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांकडे जातो. धमनी न दाबता कापायला घेतलं, तर गाठीची कड रक्तात बुडून जाते. म्हणून धमनीला क्लॅम्प, म्हणजे रक्त थांबवणारा चिमटा, लावतात आणि त्या क्षणापासून किडनी उपाशी राहते.

नुसता क्लॅम्प: ही सर्वांत रुळलेली पद्धत. क्लॅम्प बसला की ऑपरेशन थिएटरमध्ये घड्याळ लावतात आणि नर्स मोठ्याने सांगत राहते, "दहा मिनिटं झाली... पंधरा झाली." सर्जनचे हात त्या आवाजावर चालतात. २५ मिनिटांच्या आत काम उरकलं तर किडनी बहुधा सावरते. अर्ध्या तासापुढे कायमच्या इजेची भीती वाढत जाते.

बर्फ: निर्जंतुक सलाइन गोठवून त्याचा चुरा करतात, क्लॅम्प लावून किडनी त्यात गाडतात आणि दहाएक मिनिटं थांबतात. थंड पेशींना प्राणवायू कमी लागतो, त्यामुळे तासभर, कधी त्याहूनही जास्त वेळ मिळतो. पण हे पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्येच सोपं. दुर्बिणीच्या छोट्या छिद्रांतून बर्फ आत पोचवणं जिकिरीचं.

क्लॅम्पशिवाय: ऐकायला हे सर्वांत चांगलं वाटतं, आणि रुग्ण याचाच आग्रह धरतात. इटलीतल्या 'क्लॉक' चाचणीत दोन्ही किडन्या धड असलेल्या रुग्णांची रोबोटिक ऑपरेशनं झाली, काहींची क्लॅम्प लावून, काहींची न लावता. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत किडनीच्या कामात फरक दिसला नाही, आणि क्लॅम्प नको असं ठरलेल्या अनेकांना तो आयत्या वेळी लावावाच लागला.

मला विचाराल तर, दोन्ही किडन्या चांगल्या असतील आणि गाठ वरवरची असेल तर नुसत्या क्लॅम्पला घाबरू नका. एकच किडनी आहे आणि गाठ खोल आहे, तर मोठा छेद पत्करून बर्फ घ्यावा. मिनिटांइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व निरोगी भाग किती वाचतो याला आहे. सर्जनना ते आधी विचारा. किडनी वाचावी म्हणून शिरेतून देतात त्या मॅनिटॉल या औषधावर भिस्त ठेवू नका. ते वर्षानुवर्षं देत आले, पण त्याच्या वेगळ्या चाचणीत फायदा दिसला नाही.

ऑपरेशननंतर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणजे सगळं ठीक, असं नाही. दुसरी किडनी भार उचलते आणि नुकसान झाकलं जातं. कापलेली किडनी किती काम करते हे डीटीपीए स्कॅनमध्ये, म्हणजे प्रत्येक किडनीचं काम वेगवेगळं मोजणाऱ्या तपासणीत, कळतं, म्हणून एक स्कॅन ऑपरेशनआधीचाही करून ठेवा.