फॉलिट्रोपिनचं पेन: ड्यूटीवरच्या डॉक्टर बाईसाठी घेण्यासारखं आहे का?

आयव्हीएफच्या स्टिम्युलेशनची, म्हणजे अंडाशयात एकाच वेळी जास्त अंडी वाढवणारी इंजेक्शनं वायलमधून (पावडरच्या छोट्या बाटलीतून) घ्यायची की पेनमधून, हा प्रश्न एरवी खर्चापाशीच सुटतो. पेशंट स्वतःच रेसिडेंट, भूलतज्ज्ञ किंवा आयसीयूत रात्रपाळी करणारी डॉक्टर असली की हिशोब बदलतो. गोनल-एफ म्हणजे फॉलिट्रोपिन अल्फा या स्टिम्युलेशनच्या औषधाचं प्री-फिल्ड (आधीच भरलेलं) पेन इथे तिच्याच सोयीने तपासलंय. आधीच सांगतो: वायलपेक्षा महाग पडतं, पण ड्यूटी चालू ठेवून सायकल (आयव्हीएफची एक फेरी) करायची असेल तर पैसे वसूल होतात.

कारण दुखण्याचं नाही. पोटाच्या त्वचेखाली बारीक सुई टोचायला डॉक्टरला भीती कसली? खरी अडचण जागेची. एचएमजी या वायलमधून मिळणाऱ्या स्टिम्युलेशनच्या औषधाला टेबल लागतं, उजेड लागतो, पाच मिनिटं लागतात. 225 युनिट घ्यायचे तर 75 च्या तीन वायल: सॉल्व्हंट (पावडर विरघळवायचा द्रव) पहिल्या वायलमध्ये सोडायचं, न हलवता नुसतं गोल फिरवायचं, तेच द्रावण दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, आणि शेवटी सुई बदलून टोचायचं. घाईत हलवलं की फेस होतो. प्रत्येक वायलच्या तळाशी थोडं राहतं, डोस तिथेच कमी होतो. हे सगळं ड्यूटी रूमच्या बाथरूममध्ये, बाहेर कुणी दार ठोठावत असताना करायचं. पेनला दीड मिनिट पुरतं. वर ते इन्सुलिनच्या पेनसारखं दिसतं, त्यामुळे कुणी पाहिलं तरी चौकशा होत नाहीत. सायकल चालू आहे हे युनिटमध्ये कळू द्यायचं नसतं, त्यांना या गोष्टीची किंमत माहीत असते.

एक मात्र ध्यानात ठेवा. अंडी वाढवायला एफएसएच आणि एलएच ही दोन हॉर्मोन्स लागतात; एचएमजीमध्ये एलएचचं कामही होतं, फॉलिट्रोपिनमध्ये फक्त एफएसएच आहे. तुमच्या डॉक्टरांनी एचएमजी विचार करून लिहिलं असेल, तर सोयीसाठी आपणच बदलू नका. स्वतःचा डोस स्वतः ठरवायचा मोह या पेशंटला सगळ्यात जास्त.

पेन 300, 450 आणि 900 युनिटचं येतं, डायल 12.5 च्या टप्प्याने फिरते. दर वेळी नवी सुई. नव्या पेनला सुई लावल्यावर टोकाशी थेंब दिसला पाहिजे. नाही दिसला तर 25 वर डायल करून, सुई वर धरून, बटण दाबून हवा काढा. डोस देताना बटण तळापर्यंत दाबून ठेवा आणि 10 मोजल्यावरच सुई बाहेर काढा. लगेच ओढली तर औषध त्वचेवर ओघळतं. नेमकी हीच चूक डॉक्टर करतात, कारण सिरिंजच्या सवयीने हात पिस्टन संपला की सुटतो. मग खिडकीत बघा. 0 आलं तर डोस पूर्ण. दुसरा आकडा दिसला तर तेवढे युनिट दुसऱ्या पेनमधून घ्यायचे. सुई लावून पेन ठेवून देऊ नका, गळतं आणि हवा शिरते. सुई वॉर्डातल्या पांढऱ्या शार्प्सच्या डब्यात टाका, ॲप्रनच्या खिशात नको.

साठवण ही याची दुखरी बाजू. फ्रीजमध्ये 2 ते 8 अंश. उघडलेलं पेन 25 अंशांपर्यंत बाहेर 28 दिवस चालतं, पण एप्रिलमधल्या नागपूरच्या होस्टेलच्या खोलीत 25 अंश कुठून आणणार? वॉर्डातल्या लशींच्या फ्रीजमध्ये ठेवू नका. ड्यूटी रूमच्या फ्रीजमध्ये ठेवलं तर मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे गोठतं, आणि गोठलेलं पेन वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी फेकायचं. इन्सुलिनची कूल पाऊच सगळ्यात बरी. फक्त जेल पॅक आणि पेन यांच्यात कापड हवं.

पेनने न सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. अंडी वेळेआधी सुटू नयेत म्हणून गॅनिरेलिक्सची प्री-फिल्ड सिरिंज साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज 0.25 मिलिग्राम घ्यावी लागते, आणि दोन डोसांत, तसंच शेवटचा डोस आणि ट्रिगर (अंडी पूर्ण पिकवणारं शेवटचं इंजेक्शन) यांच्यात 30 तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. म्हणून संध्याकाळच्या राउंडऐवजी सकाळी, ड्यूटीवर निघण्याआधीची वेळ ठरवा. इमर्जन्सी आली तरी ती सहसा चुकत नाही. ट्रिगरला मात्र सूट नाही. पिक-अप, म्हणजे अंडी बाहेर काढणं, त्यानंतर 34 ते 36 तासांनी असतं, म्हणजे सकाळी 8 ला पिक-अप असेल तर ट्रिगर दोन दिवस आधीच्या रात्री 8 ते 10 मध्ये. ‘अमुक तारखेला रात्री 12’ असं कुणी सांगितलं तर लगेच विचारा, 23:59 की 00:01? नाइट ड्यूटीत तारीख मध्येच उलटते, आणि एका दिवसाची गल्लत म्हणजे सायकल गेली. त्या रात्रीची ड्यूटी बदलून घ्या, पिक-अपच्या दिवशी तर भूल असते, ड्यूटीचा प्रश्नच नाही. ट्रिगर एचसीजीचा (प्रेग्नन्सी किट जे हॉर्मोन शोधतं त्याचाच) असेल तर वॉर्डातलं प्रेग्नन्सी किट लावून बघू नका. औषधातलंच एचसीजी दहा-बारा दिवस रेघ दाखवू शकतं, आणि कारण माहीत असूनही ती रेघ मन सोडत नाही.

लेबर रूमला पोस्टिंग असताना स्टिम्युलेशन सुरू असलं, तर दिवसाला चार प्रसूती करून रात्री पेन हातात घ्यावं लागतं. ते किती जड जातं हे कोणतंही उपकरण हलकं करत नाही. पीजी नियमांत वर्षाला 20 दिवसांची पगारी कॅज्युअल रजा आहे. सोनोग्राफीच्या सकाळी तीच वापरा, त्यासाठी आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट नको. अंडाशय वाढलेले असताना पेशंट उचलू नका. अंडाशयाला पीळ पडण्याचा धोका असतो. पिक-अपनंतर पोट फुगणं, वजन झपाट्याने वाढणं, लघवी कमी होणं, दम लागणं, यातलं काही जाणवलं तर पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) घेऊन राउंड उरकू नका. ओएचएसएस, म्हणजे स्टिम्युलेशनला अंडाशयाची अतिप्रतिक्रिया, आहे का, हे दुसऱ्या डॉक्टरला तपासू द्या.

खरेदीचा हिशोब आधी कागदावर करा. 225 चा डोस असेल तर 900 चं पेन बरोबर चार दिवस जातं. 300 चं घेतलं तर पहिल्या दिवशी 75 उरतात आणि ते वापरायला दुसऱ्या दिवशी दोनदा टोचावं लागतं. 150 असेल तर 450 चं पेन तीन दिवस. पाचव्या-सहाव्या दिवशीच्या सोनोग्राफीनंतर डोस बदलण्याची शक्यता असते, म्हणून सगळी पेनं एकदम घेऊ नका. फ्रीजमधलं औषध केमिस्ट सहसा परत घेत नाहीत.